गच्चीवरची झडप

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरातील दुकानांची रांग विमानातून पाहिली, तर सपाट छपरांवर ठरावीक अंतराने बसवलेली पत्र्याची मोठाली खोकी दिसतात. कॉम्प्रेसर, कॉइल, पंखा, फिल्टर आणि बहुधा गॅसचा हीटर असा सगळा संसार एकाच खोक्यात मांडलेला असतो. थंड हवा डक्टमधून खाली दुकानात उतरते आणि तापलेली हवा दुसऱ्या डक्टने परत वर येते. हे रूफटॉप युनिट. त्या देशातील व्यापारी इमारतींच्या जवळपास अर्ध्या क्षेत्राला गारवा मिळतो तो अशाच पॅकेज युनिटांतून. आता कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमधली नोव्हेंबरातली सकाळ घ्या. बाहेर १३ अंश सेल्सिअस, म्हणजे स्वेटर घालावा अशी हवा. आत मात्र दिवे लागलेले, शीतपेटाऱ्यांच्या मोटारी गरम हवा सोडताहेत, गिऱ्हाइकांची वर्दळ आहे आणि पूर्वेच्या काचेतून ऊन येते आहे. आतले तापमान २४ च्या वर जाते, थर्मोस्टॅट गारवा मागतो आणि छपरावरचा कॉम्प्रेसर घरघरू लागतो. ज्या हवेत तो उभा आहे तीच हवा आत घेतली असती, तर त्याला चालायची गरज नव्हती.

ही हवा आत घेण्याची सोय म्हणजे इकॉनॉमायझर. रचना साधी आहे. बाहेरच्या हवेच्या तोंडाशी एक झडप, परतीच्या हवेच्या तोंडाशी दुसरी, दोन्ही एकमेकींच्या उलट हलणाऱ्या. त्यांना फिरवणारी एक छोटी मोटर, एक-दोन सेन्सर आणि निर्णय घेणारी नियंत्रकाची पाटी. बाहेरची हवा पुरेशी थंड असेल तर पहिली झडप पूर्ण उघडते, दुसरी मिटते आणि कॉम्प्रेसर बंद राहतो. बाहेर उकाडा असेल तर पहिली झडप माणसांच्या श्वासासाठी लागणाऱ्या किमान ताज्या हवेपुरती किलकिली राहते. फायदा किती, तो हिशेब कागदाच्या तुकड्यावर होतो. ५ टनांचे युनिट मिनिटाला सुमारे २,००० घनफूट, म्हणजे सेकंदाला जवळपास ०.९४ घनमीटर हवा फिरवते. बाहेर १३ आणि आत २४ अंश असतील, तर ही सगळी हवा बाहेरून घेतल्यावर साडेबारा किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. टनांत सांगायचे तर सुमारे ३.६ टन. सकाळच्या वेळी दुकानाला एवढा गारवा बहुधा पुरून उरतो, आणि खर्च होतो तो फक्त पंख्याचा. कॉम्प्रेसरची वाचलेली वीज ४ किलोवॉट धरली आणि वर्षात असे १,००० तास मिळाले, तर ४,००० युनिट वीज वाचते. युनिटला २० सेंट दर धरला तर एका खोक्यामागे वर्षाला ८०० डॉलर होतात. मोठ्या दुकानाच्या छपरावर अशी वीस-वीस खोकी असतात.

विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये हा हिशेब पहिल्या पानावर असतो, आणि तो खोटा नसतो. पुढच्या पानांवर पर्याय येतात: कारखान्यातून बसवून आलेला की जागेवर बसवायचा; नुसते तापमान मोजणारा की दमटपणाही मोजणारा; एक सेन्सर की दोन; साधी उतरणीची झडप की हवा बाहेर फेकणारा पंखा; दाते असलेली झडप की सळईने ओढली जाणारी. खरेदी करणारा प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारतो, याने आणखी किती वाचेल? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा हवा की हे बिघडते कसे, आणि बिघडले हे कोणाला कळते? इकॉनॉमायझर निवडण्यात जी काही अक्कल लागते ती या प्रश्नात लागते, कारण गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवात या उपकरणाने लोकांना फसवले ते कमी वाचवून नव्हे, तर गुपचूप बंद पडून.

पुरावा जुना आहे आणि अजून पुसला गेलेला नाही. कॅलिफोर्निया ऊर्जा आयोगाच्या संशोधन कार्यक्रमाखाली ७५ इमारतींवरची २१५ रूफटॉप युनिटे तपासली गेली. २००३ मध्ये त्यातून निघालेल्या मार्गदर्शिकेने सांगितले, की ज्या युनिटांवर इकॉनॉमायझर होते त्यांतले ६४ टक्के नीट चालत नव्हते. कुठे झडप गंजून अडकलेली, कुठे सळई मोटरपासून निसटलेली, कुठे वायर सुटलेली, कुठे सेन्सर मेलेला, कुठे आकड्याची जुळणीच चुकलेली. त्याच पाहणीत ४६ टक्के युनिटांत गारवा देणाऱ्या शीतक गॅसचे प्रमाणही चुकलेले होते. म्हणजे हलगर्जीपणा सगळीकडेच होता. पण गॅस कमी असला की दुकान थंड होत नाही, मालक फोन करतो आणि मेकॅनिक येतो. इकॉनॉमायझर मेला तर फोन कोण करणार?

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण निवडीचे सगळे पुढचे मुद्दे त्यावर उभे आहेत. झडप बंद स्थितीत अडकली असे समजा. थंड सकाळी थर्मोस्टॅट गारवा मागतो, झडप हलत नाही, कॉम्प्रेसर चालू होतो. दुकान थंड होते. गिऱ्हाइकाला, नोकराला, मालकाला काहीही वेगळे जाणवत नाही. फक्त बिलात काही डॉलर जास्त येतात, आणि बिल हवामानाप्रमाणे दर महिन्याला बदलतेच, तेव्हा तेही लक्षात येत नाही. उपकरण मेले तरी सेवा चालू राहते, म्हणून मृत्यूची नोंदच होत नाही. आता झडप उघड्या स्थितीत अडकली असे समजा, आणि ती टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये, जुलैच्या दुपारी. बाहेर ३५ अंश, दवबिंदू २४ अंश. आतल्या २४ अंश व ५० टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा या हवेच्या प्रत्येक किलोत सुमारे ३६ किलोज्यूल उष्णता जास्त आहे, आणि तिचा मोठा वाटा वाफेतला आहे. तेच ५ टनांचे युनिट पूर्ण बाहेरची हवा ओढू लागले, तर नुसती ती हवा आतल्या हवेसारखी करायलाच ४० किलोवॉट गारवा लागेल. युनिटची सगळी ताकद साडेसतरा किलोवॉटची. म्हणजे यंत्र दुपटीहून जास्त ओझ्याखाली गुदमरते, दुकानात चिकट उकाडा होतो आणि मग मात्र फोन जातो. येणारा मेकॅनिक घाईत असतो. दुरुस्तीला सुटा भाग मागवावा लागेल, दोन फेऱ्या पडतील. त्यापेक्षा झडप हाताने मिटवून स्क्रू मारून टाकणे दहा मिनिटांचे काम. तक्रार मिटते. पण आता ते दुसऱ्या प्रकारचे बिघडलेले इकॉनॉमायझर झाले, म्हणजे मूक प्रकारचे. ६४ टक्क्यांपर्यंत माणूस असा पोहोचतो. त्यासाठी कोणाला वाईट असावे लागत नाही.

इथून सेन्सरच्या निवडीकडे येऊ, कारण वाद सर्वांत जास्त तिथेच होतो. बाहेरची हवा फायद्याची केव्हा, हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, नुसते तापमान पाहायचे: बाहेर अमुक अंशांच्या खाली असेल तर झडप उघड. दुसरा, हवेतली एकूण उष्णता पाहायची, म्हणजे तापमान अधिक वाफेतली सुप्त उष्णता. तिला एन्थाल्पी म्हणतात. शास्त्र दुसऱ्या मार्गाच्या बाजूचे आहे. २१ अंशांची कोरडी हवा आणि २१ अंशांची पावसाळी हवा थर्मामीटरला सारखीच दिसते, पण कॉइलला सारखी नसते, कारण दुसरीतले पाणी तिलाच पिळून काढावे लागते. त्यातही बाहेर व परतीच्या हवेत असे दोन सेन्सर लावून एकमेकांशी तुलना करणारा नियंत्रक म्हणजे कागदावरचा परमोच्च बिंदू. कॅटलॉगमध्ये तो सर्वांत महाग असतो, आणि हौशी सल्लागार डोळे मिटून तोच लिहून देतात.

पण आर्द्रता मोजणे हे तापमान मोजण्याइतके सरळ काम नाही. तापमानाचा साधा सेन्सर अर्ध्या-एक अंशाने चुकला तर हवेच्या हिशेबात सुमारे एक किलोज्यूलची चूक होते. आर्द्रतेचा सेन्सर, २४ अंश तापमानाला, नुसता ५ टक्क्यांनी चुकला तर चूक जवळपास अडीच किलोज्यूलची होते. ५ टक्के ही चूक नवीन सेन्सरलासुद्धा माफ असते. हा सेन्सर बसवलेला असतो कुठे, तर छपरावर, पावसाच्या आणि धुळीच्या हवेच्या वाटेत, आणि त्याचे अंशांकन कोणी तपासत नाही. दोन सेन्सर असले तर दोघांच्या चुका एकमेकींत मिसळतात. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या नोव्हेंबर २०१० च्या ‘ॲशरे जर्नल’मध्ये स्टीव्हन टेलर आणि ह्वाकाँग चेंग यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला, आणि त्याचे शीर्षकच असे होते की एन्थाल्पीवर चालणारे इकॉनॉमायझर का चालत नाहीत. निरनिराळ्या हवामानांत, सेन्सर बिनचूक धरून आणि मग चुका धरून, त्यांनी सगळ्या पद्धतींची तुलना केली. सेन्सर बिनचूक असतील तर दोन सेन्सरांची पद्धत पुढे होती, पण थोडीच. खऱ्या जगातल्या चुका धरल्या की योग्य आकड्यावर लावलेला साधा तापमानाचा नियंत्रक तिला मागे टाकत होता. त्यांनी शिफारस केली ती त्याचीच.

या मुद्द्याला जवळून पाहायचे तर हनीवेलच्या जुन्या नियंत्रकांवरची तबकडी पाहावी. लाखो युनिटांवर ती अजून आहे. तिच्यावर अंश नव्हते, किलोज्यूल नव्हते. ए, बी, सी, डी अशी चार अक्षरे होती. ए म्हणजे ५० टक्के आर्द्रतेला २३ अंशांच्या आसपास बदल करणारी रेषा, बी २१, सी १९ आणि डी १७. सेन्सर एकच असेल तर हवामानाप्रमाणे अक्षर निवडायचे. दोन असतील तर तबकडी डीच्याही पलीकडे पूर्ण फिरवायची. छपरावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला हे कुठून आठवणार? चुकून तबकडी डीवर राहिली, तर सॅक्रामेंटोसारख्या कोरड्या गावात १७ ते २४ अंशांमधले बरेचसे तास, म्हणजे वर्षातला उत्तम माल, हातचा जातो. आणि उपकरण तर ‘चालू’ असते. आजच्या डिजिटल नियंत्रकांवर पडदा असतो, अंश दिसतात, बिघाडाचा शब्द उमटतो. केवळ एवढ्या कारणासाठी मी जुन्या तबकडीपेक्षा पडद्यावर पैसे घालायला सांगेन. तो अधिक हुशार असतो म्हणून नव्हे. तो काय करतो आहे ते उभ्या उभ्या वाचता येते म्हणून.

आकडा कोणता लावायचा, याला अमेरिकेत आता जवळपास ठरलेले उत्तर आहे. ॲशरेचे ९०.१ हे मानक कोरड्या आणि पश्चिमेकडच्या हवामानात २४ अंश, उत्तरेच्या थंड-दमट पट्ट्यात २१ अंश आणि ह्यूस्टनसारख्या दक्षिणेच्या दमट पट्ट्यात १८ अंश अशी तापमानाची कमाल मर्यादा देते. एन्थाल्पी वापरायचीच असेल तर तिच्या जोडीला तापमानाची मर्यादाही हवीच, अशी अट २०१३ च्या आवृत्तीत आली. म्हणजे आर्द्रतेचा सेन्सर वेडा झाला तरी थर्मामीटर दरवाजा लोटून घेईल. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मानकानेही असेच दिले आहे.

यावर दमट प्रदेशातला अभियंता हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. तापमान १८ च्या खाली, पण पाऊस पडतो आहे, हवा ओलीचिंब आहे. नुसते तापमान पाहणारा नियंत्रक ती आत घेईल. मग पुस्तकांच्या दुकानात कागद मऊ पडेल, इस्पितळात किंवा संग्रहालयात त्याहून वाईट होईल. हिशेब करून पाहू. १८ अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत किलोमागे सुमारे ५१ किलोज्यूल असतात. मानकाने एन्थाल्पीची जी मर्यादा धरली आहे ती ४७ ची. म्हणजे चुकलीच तर चूक चार किलोज्यूलची, आणि तीही अशा थोड्या तासांपुरती. ऊर्जेच्या बाजूने हरकत टिकत नाही. थंड हवा फार पाणी धरूच शकत नाही, हीच १८ च्या आकड्यामागची युक्ती आहे. ओलाव्याच्या बाजूने मात्र ती अंशतः टिकते. किलोमागे १३ ग्रॅम पाणी असलेली हवा, आत ९ ग्रॅम असताना, कॉम्प्रेसर न चालवता घेतली तर आतला दमटपणा वाढणारच. जिथे दमटपणाने माल किंवा माणूस बिघडतो अशा जागी दवबिंदूची मर्यादा जोडावी, आणि तो सेन्सर वर्षातून एकदा बदलण्याची तरतूद त्याच कागदावर लिहावी. साध्या दुकानाला, शाळेला, कचेरीला त्याची गरज नाही.

सेन्सरबद्दल एवढे भांडण होते आणि पत्र्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला नेहमी उलटे वाटते. बहुतेक बिघाड हलणाऱ्या भागांत असतात. एकाच मोटरला सळया आणि खिळ्या लावून दोन्ही झडपा ओढायच्या, ही स्वस्त रचना. सळई वाकते, खिळी सैल होते, मोटर इमानाने फिरत राहते आणि झडप जागची हलत नाही. नियंत्रकाला वाटते सगळे ठीक आहे, कारण तो मोटरची स्थिती पाहतो, झडपेची नाही. मोटर थेट झडपेच्या आसावर आणि झडपांची पाती दातेरी चाकांनी जोडलेली, ही रचना महाग पडते, पण तिच्यात निसटण्याजोगे काही उरत नाही. दुसरी गोष्ट गळतीची. मिटलेली झडप खरोखर मिटते का? परतीची झडप गळकी असेल तर ‘१०० टक्के बाहेरची हवा’ नावापुरतीच राहते. बाहेरची झडप गळकी असेल तर सगळा उन्हाळा फटीतून आत येतो. कॅलिफोर्नियाच्या टायटल २४ या इमारत-ऊर्जा नियमावलीने २०१३ च्या आवृत्तीत या दोन्हींना हात घातला: झडपांची गळती ठरावीक दाबाखाली चौरस फुटाला मिनिटाला १० घनफुटांहून जास्त नको, झडपेने ६०,००० वेळा उघडझाप करून दाखवलेली हवी, आणि उत्पादकाने पाच वर्षांची हमी द्यावी. कॅलिफोर्नियात दुकान नसले तरी या तीन अटी खरेदीच्या कागदावर उतरवून घ्यायला कोणाची हरकत नसावी. ज्या उत्पादकाला त्या जड वाटतात त्याचे उत्तर आपोआप मिळते.

कारखान्यातून बसवून आलेला इकॉनॉमायझर आणि जागेवर बसवायचा संच यांत किमतीचा फरक असतो, पण माझा कौल कारखान्याकडे आहे, कारण वायरिंग तपासून येते. जुन्या युनिटला संच बसवताना मॉडेल क्रमांकाइतकीच हवेची दिशाही पाहावी लागते: डक्ट खाली उतरतात की बाजूने निघतात, यावर संच बदलतो, आणि चुकीचा संच थोडी कापाकापी करून बसवलाच तर फटी राहतात.

आत आलेली हवा जाणार कुठे, हा प्रश्न कॅटलॉगमध्ये शेवटी आणि बारीक अक्षरांत असतो. व्यवहारात तो पहिल्या दिवशीच उभा राहतो. मिनिटाला २,००० घनफूट हवा दुकानात ढकलली आणि बाहेर जायला वाट नसली, तर आतला दाब वाढतो. मग पुढचे काचेचे दार मिटत नाही, किंवा उघडल्यावर धाडकन परत येते. आणि दाबामुळे आत येणारी हवाही कमी होते, म्हणजे हिशेबातले साडेबारा किलोवॉट मिळत नाहीत. दाराची तक्रार होते, मेकॅनिक येतो, झडपेला स्क्रू लागतो. परतीचा डक्ट लहान आणि सुटसुटीत असेल तर दाबाने आपोआप उघडणारी उतरणीची झडप चालते. तो लांब, वळणांचा असेल तर तिच्यापर्यंत दाब पोहोचतच नाही. तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा घ्यावा. त्याला वीज लागते, खरे आहे. पण पंखा वाचवण्यासाठी इकॉनॉमायझर गमावण्यात हशील नाही.

थर्मोस्टॅटचे असेच. इकॉनॉमायझरला दोन टप्प्यांचा थर्मोस्टॅट लागतो: पहिल्या हाकेला झडप उघडावी, तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या हाकेला झडप उघडी ठेवूनच कॉम्प्रेसर जोडीला यावा. बाहेर १८-२० अंश असताना या जोडीचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. भिंतीवर एकाच टप्प्याचा जुना थर्मोस्टॅट तसाच राहिला आणि त्याची तार सरळ कॉम्प्रेसरला गेली, तर छपरावरचे हजार-दीड हजार डॉलरचे उपकरण केवळ शोभेचे होते. हल्ली पंख्याचा वेग कमी-जास्त करणारी युनिटे आली आहेत. त्यांत पंखा अर्ध्या वेगाने फिरताना झडपेचे किमान उघडणे तेच ठेवले तर माणसांना लागणारी ताजी हवा कमी पडते. म्हणून प्रत्येक वेगाला वेगळी किमान स्थिती देता येईल असाच नियंत्रक हवा.

आता मूळ आजारावर थेट औषध: बिघाड स्वतः ओळखणारा नियंत्रक. टायटल २४ ने २०१३ च्या आवृत्तीत साडेचार टनांच्या वरच्या युनिटांना तो सक्तीचा केला. त्याने पाच गोष्टी ओळखायच्या: तापमानाचा सेन्सर गेला आहे, उघडायला हवी तेव्हा झडप उघडत नाही, मिटायला हवी तेव्हा उघडी आहे, झडप हलतच नाही, आणि बाहेरची हवा गरजेपेक्षा जास्त येते आहे. यावर आक्षेप असा की छपरावर उमटलेला इशारा वाचतो कोण? तिथे कबुतरे असतात. आक्षेप रास्त आहे, पण तो उपकरणावर नसून त्याच्या जोडणीवर आहे. नियमावलीनेही इशारा छपरापुरता राहू नये, माणसापर्यंत पोहोचावा, हे धरले आहे. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर, देखभाल कंपनीच्या संगणकावर, कुठेही, पण खाली. निवड करताना विचारायचे ते एवढेच, की हा इशारा आमच्याकडे कोणाच्या टेबलावर येईल? नाव सांगता आले नाही, तर ते वैशिष्ट्य विकत घेऊ नये.

सर्वांत मूलगामी आक्षेप शेवटी घेतो. इतके बिघडणारे उपकरण घ्यावेच कशाला? त्यापेक्षा तेच पैसे जास्त कार्यक्षम कॉम्प्रेसरवर, नाहीतर पंख्याच्या वेगनियंत्रणावर घालावेत. दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे: अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ८ इमारतींवरच्या ६६ युनिटांना पंख्याचा वेग बदलणारे सुधारित नियंत्रक बसवले आणि २०१३ मध्ये सरासरी ५७ टक्के ऊर्जा वाचल्याचे नोंदवले. पण त्या नियंत्रकांत इकॉनॉमायझरची सुधारित हाताळणीही होती. दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू नाहीत. कार्यक्षम कॉम्प्रेसरचे म्हणाल, तर तो कितीही चांगला असो, बंद कॉम्प्रेसरपेक्षा कमी वीज खाऊ शकत नाही. आक्षेपाचा खरा भाग एवढाच की लहान युनिटावर वाचणारी रक्कम लहान असते आणि देखभालीची फेरी मात्र तेवढीच महाग पडते. कॅलिफोर्नियाने इकॉनॉमायझरच्या सक्तीची मर्यादा सव्वासहा टनांवरून साडेचारवर आणि २०२२ च्या आवृत्तीत पावणेतीन टनांवर आणली. तिथल्या कोरड्या हवेला आणि महाग विजेला ते परवडते. मायामीत ते परवडणार नाही, आणि ९०.१ ने त्या अतिउष्ण पट्ट्याला सूट दिलीच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा मुंबईचे उत्तर मायामीसारखेच आहे. भारताच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीने उष्ण-दमट विभागातल्या प्रकल्पांना इकॉनॉमायझरच्या अटीतून वगळले, ते बरोबरच आहे. पण सह्याद्री ओलांडला की घाटमाथ्यापलीकडची हवा वेगळी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १२ अंशांच्या आसपास उतरते आणि हवा कोरडी असते. दिवसा चालणाऱ्या कचेरीला त्याचा उपयोग थोडा, कारण दुपारी पारा तिशीजवळ जातो. रात्रपाळीत संगणक आणि माणसे भरलेल्या मजल्याला मात्र रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत कॉम्प्रेसरशिवाय गारवा मिळू शकतो. तिथे छपरावरच्या खोक्याऐवजी बहुधा एएचयू, म्हणजे हवा हाताळणारे युनिट, असेल, पण झडपा, सेन्सर आणि दाबाचे गणित तेच. अडचण एक आहे, आणि ती सॅक्रामेंटोकरांनाही वणव्यांच्या धुराने शिकवली आहे: हिवाळ्याच्या ज्या रात्री हवा सर्वांत गार असते, त्याच रात्री धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात. किमान हवेपेक्षा पाच-सहापट हवा आत घ्यायची तर तेवढी धूळ फिल्टरवर बसणार. तेव्हा इथे निवड करणाऱ्याने चांगल्या प्रतीच्या फिल्टरचा वर्षभराचा खर्च बचतीतून आधी वजा करावा, धुराच्या रात्री झडप मिटवणारी खटकी मागावी, आणि दर ऑक्टोबरात कोणीतरी वर जाऊन झडप डोळ्यांसमोर पूर्ण उघडून-मिटवून पाहील, ही ओळ देखभालीच्या करारात लिहून घ्यावी. ती ओळ घालायला कंत्राटदार तयार नसेल, तर किमान ताज्या हवेपुरती साधी झडप घेऊन थांबलेले स्वस्त पडते.